स्पिन मॉपचं रिफिल किती दिवसांनी बदलता? (आणि एकूणच केर-फरशीच्या साधनांबद्दल)

भेंडीगवार
नमस्कार मंडळी, विषय किरकोळ आहे पण पंधरा दिवस याच्यापायी डोकं उठलंय म्हणून धागा काढतेय. घरी स्पिन मॉप आहे, बादलीत जाळीची टोपली असते आणि दांडा खाली दाबला की मॉप गरगर फिरतो तो, पायाने दाबायचा नाही. घेऊन दोन वर्षं झाली असतील. त्याच्या झिपऱ्या (याला रिफिल म्हणतात हे मला परवा कळलं) आता पार करड्या पडल्यात, धुतल्या तरी कुबट वास येतो आणि फरशी वाळली की उन्हाच्या तिरिपेत रेघाच रेघा दिसतात. ऑनलाइन दोन रिफिलं मागवली, वर मोठ्या अक्षरात युनिव्हर्सल लिहिलेलं. एक इतकं ढिलं की मी पुसत पुढे गेले आणि ते सोफ्याखालीच राहिलं, आडवं पडून झाडूने ओढून काढलं. दुसरं तर चढतच नाही. परत करायला गेले तर म्हणे पाकीट फोडलंय, घेणार नाही. अहो पाकीट न फोडता बसतंय की नाही कसं बघणार??

तर रिफिल घेताना काय बघायचं, किती दिवसांनी बदलायचं, की हे सगळं सोडून साध्या फडक्यावर यायचं? मदतीला येणाऱ्या मावशींना मॉप मुळीच आवडत नाही, त्या रोज फडकं मागतात आणि सासूबाई त्यांच्या बाजूने. फरशी व्हिट्रिफाइड आहे, स्वयंपाकघर आणि मागच्या बाल्कनीत शहाबादी.

मॅगीवाला
रिफिल बदलतात??? मी तीन वर्षं तोच वापरतोय. मला वाटलं त्याचा रंग मुळातच करडा आहे.

सुरंगी
मॅगीवाला, तुमच्या घरी चप्पल घालूनच यायला पाहिजे 😄

चहाबाज
भेंडीगवार, युनिव्हर्सल वगैरे काही नसतं. दांड्याच्या टोकाला प्लास्टिकची तबकडी असते ना, ती आधी मोजा, पट्टी आडवी धरून मधोमध. आमची बरोबर १६ सेंमी आहे आणि बाजारात गोल रिफिल बहुतेक त्याच्याच आसपास मिळतं, पण एकदोन मिलिमीटरनेही घोळ होतो कारण रिफिलच्या मधली रिंग तबकडीच्या कडेवर खट्कन बसणारी असते. तुमच्यासारखंच एक ढिलं नि एक घट्ट होतं ते यामुळेच. आणि तबकडी गोल आहे की त्रिकोणी ते बघितलंत का, हल्ली कोपऱ्यात शिरायला त्रिकोणी येतात, त्यावर गोल रिफिल सात जन्मात बसणार नाही.

बदलायची पद्धतपण सांगतो कारण आमच्याकडे पहिल्यांदा मी हाताने ओढून ओढून नख मोडून घेतलं होतं. दांडा उभा धरायचा, एका बाजूच्या झिपऱ्या पायाखाली दाबायच्या आणि दांडा हळूच दुसऱ्या बाजूला झुकवायचा, टक् करून तबकडी सुटते. नवं लावताना रिफिल जमिनीवर फुलासारखं पसरायचं, रिंग वर, झिपऱ्या बाहेर, मधोमध तबकडी ठेवायची आणि कडेवर पाय देऊन गोल फिरत दाबत जायचं. टक् आवाज आला नाही तर बसलेलं नाही, तसंच वापरलंत तर सोफ्याखाली जाणार. हे सगळं करायच्या आधी दांड्याचं लॉक लावून घ्या, नाहीतर वरून दाबताना दांडा आत जातो नि मॉप फिरतो, पाय घसरतो.

भेंडीगवार
बघितलं आत्ता. गोल आहे. मोजली, साधारण साडेपंधरा भरतेय, पण पट्टी मुलाच्या कंपासमधली आणि मोडकी आहे, १ सेंमीपासूनच सुरू होते 🤦‍♀️ परत मोजते.

ठेचा_नागपुरी
आमच्या इकडे याला सरळ पोछा म्हणतात जी, मॉप बिप शहरातले चोचले. आई बाईला एकच सांगते, पोछा मारायचा तर खाली बसून मार, उभ्याउभ्या मारला तर कोपरे जसेच्या तसे. आणि खरं आहे ना, आमच्या घरी मॉप आणला होता, दोन महिन्यांत भिंतीच्या कडेकडेने काळी रेघ तयार झाली होती सगळीकडे.

निळीशाई
हे "खाली बसून मार" म्हणणारे स्वतः कधी बसतात का? आमच्याकडे येणाऱ्या ताई सकाळी सात घरं करतात. सात घरांच्या फरश्या उकिडवं बसून, मागे मागे सरकत. पंचेचाळिशीत त्यांचे दोन्ही गुडघे गेले, डॉक्टरांनी मांडी घालून बसू नका सांगितलंय. कोपऱ्यात काळी रेघ राहिली तर राहू दे की, महिन्यातून एकदा आपण काढू.

ठेचा_नागपुरी
अहो मी आईचं सांगितलं, माझं नाही. माझ्या खोलीचा पोछा मीच मारतो. बसून.

आजीचा_बटवा
उकिडवं बसून फरशी पुसण्यासारखा व्यायाम नाही हो, आमच्या पिढीत कुणाला गुडघेदुखी होती?

निळीशाई
आजी, होती. सांगायची पद्धत नव्हती.

श्टुटगार्टकर
गुडघ्यांवरून आठवलं. स्पेनमध्ये मॉपला फ्रेगोना म्हणतात आणि तिकडे हा मोठा अभिमानाचा विषय आहे. १९५६ च्या सुमारास झारागोझाच्या मानुएल खालोन नावाच्या विमान-इंजिनिअरने दांड्याचा मॉप आणि तो पिळायची बादली अशी जोडी विकायला काढली, त्याने अमेरिकेत विमानांच्या हँगरची जमीन उभ्याने पुसताना पाहिली होती. त्याआधी तिथल्या बायकाही गुडघ्यांवर बसूनच पुसायच्या. माझी इथली स्पॅनिश शेजारीण सांगते की तिच्या आजीच्या गुडघ्यांना घट्टे होते.

इथे जर्मनीत घरात सपाट मॉप जास्त दिसतात, लांबट पट्टी, तिला खालून कापड चढवायचं. फिलेडा नावाचा ब्रँड घरोघरी. नाव कुठून आलं माहितीये का, "वी लेडर", म्हणजे चामड्यासारखं, कारण सुरुवातीला त्यांचं पुसायचं कापड चामड्याला पर्याय म्हणून आलं होतं. त्याच फ्रॉयडेनबर्ग कंपनीची आपल्याकडच्या गाला या झाडू-मॉपवाल्या कंपनीबरोबर भागीदारी आहे, त्यामुळे पुण्याला आलो की आईच्या घरातला मॉप ओळखीचा वाटतो.

भेंडीगवार
वा, फडक्याचं नाव आणि त्याचं पण बारसं 😄
तबकडी परत मोजली, नवी पट्टी आणून. १६ सेंमी आहे. मग आलेली रिफिलं का बसत नाहीत कळेना.

रात्रपाळी
मी हॉस्पिटलमध्ये नर्सिंगला आहे, साफसफाईवर लक्ष ठेवणं आमच्याकडेच येतं म्हणून थोडं लिहिते, मोठं होईल.

कुबट वास मॉप जुना झाला म्हणून येत नाही, तो ओला राहिला म्हणून येतो. बहुतेक घरांत पुसून झालं की मॉप त्याच बादलीत टोपलीवर टेकवून ठेवतात, खाली तळाला दोन बोटं पाणी तसंच. दुसऱ्या दिवशी तेच घाण पाणी आपण घरभर फिरवतो आणि वर वासाचं लिक्विड टाकतो. आमच्याकडे नियम साधा, मॉप वापरला की साबणाने धुवायचा, पिळायचा आणि डोकं वर करून टांगायचा, उन्हात असेल तर उत्तम. बादली उपडी. बादलीला खाली बूच असतं ते काढून ठेवायचं. एवढं केलं तर वास येत नाही, पैजेवर सांगते.

दुसरं, वॉर्डात तीन बादल्या असतात, एकात साबणाचं पाणी, एकात साधं पाणी मॉप खळबळायला, एकात जंतुनाशक. घरी तीन नकोत, पण दोन तरी ठेवा. एकाच बादलीत बुडवत राहिलं की दुसऱ्या खोलीपर्यंत तुम्ही फक्त चिखल पातळ करून पसरवता. पाणी चहासारखं दिसायला लागलं की बदला.

तिसरं, रंग. आमच्याकडे संडास-बाथरूमचा मॉप लाल, बाकीचे वेगळे, म्हणजे चुकूनही अदलाबदल होत नाही. घरी लाल घ्यायची गरज नाही, पण बाथरूमच्या मॉपच्या दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळा, मावशी आल्या, पाहुणे आले, कुणालाही कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात जोडून सांगते, ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर कधी एकत्र करू नका. टॉयलेट क्लीनरमध्ये अ‍ॅसिड असतं, ब्लीचशी मिळालं की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये दोन मिनिटांत खोकला आणि दम लागतो. दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत असे पेशंट बघितलेत, "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होईल" म्हणून केलेलं.

सुरंगी
रात्रपाळी, वाचूनच घाबरले. मी टॉयलेट क्लीनर टाकून वर ब्लीच ओतायची, नाक झोंबायचं तेव्हा वाटायचं काम करतंय 😬

रात्रपाळी
काम करत होतंच, तुमच्या फुप्फुसांवर. खिडकी उघडा, बाहेर या, आणि पुढच्या वेळी एकच वापरा.

उगाच_सल्ला
एवढा खल कशासाठी? रोबो घ्या. बटण दाबा, ऑफिसला जा. आमचा झाडतो पण आणि पुसतो पण.

चहाबाज
उगाच_सल्ला, रोबोच्या बुडाचं कापड कोण धुतं?

उगाच_सल्ला
...बायको.

एडिसनची_काकू
😂😂 हे फ्रेम करून लावा.
आमच्याकडे पण रोबो आहे, अमेरिकेतली लाकडी फरशी, उंबरे नाहीत, त्यामुळे बरा चालतो. भारतातल्या घरात दर दारात उंबरा, बाथरूमला पायरी, जमिनीवर दोन रांगोळ्या आणि पाट, तो बिचारा गोंधळूनच जाईल. मागच्या वर्षी सासरी नेला होता, देवघरासमोर जाऊन उभाच राहिला, सासूबाई म्हणाल्या बघ, यालाही कळतं.

रिफिलसारखाच घोळ दांड्याच्या आट्यांचाही आहे बरं का. मी पुण्याहून इथे झाडूचं डोकं आणलं होतं, दांडा इथला घेऊ म्हटलं, तर आटे जुळेचनात. इथल्या दांड्यांचे आटे जाड आणि लांबलांब, तिकडचे बारीक. शेवटी नवऱ्याने दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून ठोकून बसवलं, आता कायमचं.

मॅगीवाला
रात्रपाळी, ब्लीच टाकून मॉप धुवू का? पांढरा होईल ना?

रात्रपाळी
मायक्रोफायबर असेल तर नको. तो पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडचा धागा असतो, त्याचे बारीक बारीक चिरलेले पदर असतात, त्यांच्यात धूळ अडकते म्हणून तो पुसतो. ब्लीचने आणि खूप गरम इस्त्री-ड्रायरने ते पदर खराब होतात. कपडे मऊ करायचं सुगंधी कंडिशनर तर अजिबात नको, त्याचा थर धाग्यावर बसतो, मग तो पाणीच ओढत नाही, नुसतं पुढे ढकलतो. आणि टॉवेलबरोबर मशीनमध्ये टाकू नका, टॉवेलचे सगळे सुटे तंतू त्याला चिकटतात.

भेंडीगवार
अगं बाई. मी दर रविवारी मशीनमध्ये टॉवेलांबरोबरच टाकायचे, कंडिशनर घालून, छान वास यावा म्हणून!! म्हणजे त्या रेघा त्यामुळे?

सिमेंटवाळू
रेघांचं अजून एक कारण सांगतो, मी सांगलीत बांधकामाची कामं घेतो, फरशी बसवून दिली की दोन महिन्यांत फोन येतो, "टाइल्स फॉल्टी आहेत, डाग पडतात". जाऊन बघतो तर बादलीत अर्धी बाटली लिक्विड ओतलेलं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, जास्तीचं लिक्विड वरच वाळतं, त्याचा चिकट पापुद्रा बसतो, पाऊल उमटतं, त्यावर धूळ बसते आणि मग लोक आणखी लिक्विड टाकतात. आठ दिवस नुसत्या पाण्याने पुसून बघा, पहिले तीन दिवस पाणी फेसाळ निघेल, तेच ते साठलेलं. नंतर बादलीभर पाण्याला एक झाकण लिक्विड, बास. बोअरचं पाणी असेल तर पांढरट डाग क्षारांचे, त्याला शेवटी कोरड्या कापडाने एक हात मारणे हाच उपाय.

आजीचा_बटवा
क्षारांना व्हिनेगर घालावं पाण्यात, नाहीतर लिंबाची सालं. आम्ही कायम तेच करतो. नैसर्गिक आहे.

सिमेंटवाळू
आजी, टाइल्सवर चालेल, पण भेंडीगवार यांच्या स्वयंपाकघरात शहाबादी आहे, तिथे व्हिनेगरचा थेंबही नको. शहाबादी, कोटा, कडाप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड, आंबट लागलं की फसफस होऊन वरचा थर खातं. ओट्यावर कडाप्पा असेल तर लिंबू कापलेल्या जागी पांढरट ठिपके बघितले असतील, ते डाग नाहीत, तिथला दगड गेलाय, कितीही घासलं तरी जात नाहीत. संगमरवर आणि जुनी मोझॅकची लादी (तिच्यात संगमरवराचीच खडी असते) यांनाही तेच. ग्रॅनाइटला फारसं काही होत नाही. बाथरूम धुवायला अ‍ॅसिड आणतात ते शहाबादीवर सांडलं की माझा फोन वाजतो.

आजीचा_बटवा
अरे देवा. आमच्या ओट्यावरचे ते ठिपके मी तीस वर्षं सुनांना घासायला लावतेय.

निळीशाई
🙏

सुरंगी
विषय मॉपचा आहे पण केराकडे कुणाचं लक्ष नाही. केर नीट निघाला नाही तर मॉप काय करणार, नुसता चिखल. आमच्याकडे मालवणात आजून वाढवण वापरतत, नारळाच्या हिरांची. आवस (आई) स्वतः बसून झावळं सोलता, हीर काढता आणि सुंभान बांधता. अंगणात दुसरा काय चालूकच शकना नाय. घरात शिंदीची केरसुणी आणि हॉलमध्ये वहिनीचा फूलझाडू. तीन जागा तीन हत्यारां. मुंबैत ये-जा करतंय तेव्हा एकाच झाडून सगळा घर झाडलेला बघून कसातरीच वाटता.

ठेचा_नागपुरी
फूलझाडूचा भुसा कसा घालवायचा ते सांगा कोणीतरी, नवा आणला की आठ दिवस केर काढण्यापेक्षा केर पाडतोच जास्त.

सुरंगी
बाहेर नेऊन भिंतीवर आपट दहा वेळा, मग जुन्या जाड फणीन केसासारखो विंचर, मग पाण्यात बुडवून झटकून सावलीत टांग. भुसो म्हणजे त्या गवताचो फुलोरोच असता, मेघालयाकडचा गवत ता, नवा असताना झडताच. उभो ठेवू नको, टेकून वाकडो होता, टांगूनच ठेव.

चहाबाज
केरसुणी उभी ठेवत नाहीत ते शास्त्र इथून आलं असणार. आमच्या घरी आडवी, दाराआड, कुणाच्या नजरेला पडायची नाही. पाय लागला तर नमस्कार. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच लक्ष्मीने पलंगाखालची जळमटं काढायची.

आजीचा_बटवा
दिवेलागणीला केर काढू नये म्हणतात तेही बरोबरच होतं, कंदिलाच्या उजेडात कानातला मोती केरात गेला तर दिसायचा नाही. फरशी पुसायच्या फडक्याला पोतेरं म्हणायचे आमच्याकडे, सारवायचं तेच. आता पोतेरं म्हटलं तर नातवाला वाटलं शिवी आहे.

श्टुटगार्टकर
मुंबईला आमच्या चाळीत "झाडू-कटका" म्हणायचे, कटका म्हणजे ते पुसायचं फडकं. बाई ठरवताना भाव "झाडू-कटका-भांडी" असाच सांगायची. पुण्याला आल्यावर मी कटका म्हटलं तर कुणाला कळेना.

निळीशाई
मूळ प्रश्नाकडे येऊ का? भेंडीगवार, तुमच्या मावशींना मॉप का आवडत नाही ते तुम्ही विचारलंत का त्यांना? आपण इथे पंचवीस जण मिळून ठरवतोय आणि तो मॉप हातात धरणाऱ्या बाईचं मत धाग्यात कुठेच नाही. उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय.

भेंडीगवार
खरं सांगू, नाही विचारलं. "मावशी मॉपने करा हं" एवढंच म्हणते आणि त्या "हो" म्हणून मी आंघोळीला गेले की फडक्याने करतात. उद्या विचारते.

उगाच_सल्ला
एक गंभीर प्रश्न. जुन्या बनियनचं फडकं की विकतचं? आमच्याकडे दर वर्षी यावरून वाद.

चहाबाज
जुनं सुती बनियन सर्वोत्तम, धुवून धुवून मऊ झालेलं, पाणी पितं. हल्लीचे टी-शर्ट नकोत, त्यात पॉलिस्टर असतं, नुसते सरकतात. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा तर काचा पुसायला, त्याच्यापुढे काहीच नाही. टर्किश टॉवेलचा फक्त ओल्या कामाला उपयोग, त्याचे धागे सुटतात.

रात्रपाळी
आणि सुती फडकं फाटलं तर मातीत कुजतं. मायक्रोफायबर धुताना प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात, हेही आहे. मी घरी हॉलला मॉप आणि ओट्याखाली सुती फडकं वापरते.

भेंडीगवार
आले परत, चार दिवसांनी. मोठा रिपोर्ट आहे.

मावशींना विचारलं. आधी "तसं काही नाही ताई" झालं. मग चहा घेऊन दोघी ओट्यापाशी बसलो तेव्हा बोलल्या. म्हणाल्या, "ताई, तुमच्या त्या काठीनं माझी कंबर जाते. फडक्यानं गुडघे जातात, काठीनं कंबर. गुडघ्यांची सवय झाली." मी म्हटलं उभ्याने करायचं ना, कंबर कशी जाईल? तर त्यांनी करून दाखवलं. दांडा त्यांच्या पोटापर्यंतच येत होता! वाकून वाकून पुसत होत्या. मला कधी लक्षातच आलं नाही, कारण दांडा सरकवून लांब होतो हेच मला माहीत नव्हतं. आधी सासूबाई वापरायच्या, त्या साडेचार फुटी, त्यांच्या मापाने दांडा बसवलेला आणि तो तसाच राहिला दोन वर्षं. दांड्याचं मधलं कडं फिरवून सैल केलं, दांडा वर ओढला, परत आवळला, आता मावशींच्या हनुवटीला लागतो. त्यांनी हॉल पुसून बघितला आणि नुसत्या "हां" म्हणाल्या. त्यांचं "हां" म्हणजे खूप झालं.

दुसरं म्हणजे त्यांची तक्रार होती की मॉप पाणीच सोडत राहतो. ते कंडिशनरचं असणार, रात्रपाळी यांनी सांगितलं तसं. त्यात टोपलीत मॉप मधोमध न बसवता कडेला दाबत होतो, मग तो डगडगतो आणि नीट पिळला जात नाही. मधोमध ठेवून झिपऱ्या आत सारून चार-पाचदा दाबलं की जवळजवळ कोरडा होतो.

रिफिलसाठी मी सरळ तबकडी दांड्यापासून काढून पिशवीत घातली आणि रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. दुकानदार काकांनी तबकडी हातात घेतली, उलटी करून बघितली, बाहेरून नाही तर आतल्या खाचा मोजल्या आणि म्हणाले "ही जुनी साईज, सहा खाचांची, आता चार खाचांची येते." म्हणजे १६ सेंमी बरोबर होतं पण खाचा वेगळ्या, म्हणून एक ढिलं नि एक घट्ट! मागच्या फळीवरून धूळ झटकून दोन काढून दिली, तिथेच बसवून दाखवलं, टक्. दोन घेतली, म्हणजे एक धुऊन वाळत असताना दुसरं वापरता येईल. काका म्हणाले अजून पाचच आहेत, ती संपली की तबकडीसकट दांडाच बदला.

चहाबाज
खाचा! हे मलाही माहीत नव्हतं. आत्ता जाऊन मोजल्या, आमच्या चार.

सिमेंटवाळू
उरलेली पाचपण घेऊन टाका हो आत्ताच.

भेंडीगवार
घेणार आहे शनिवारी. आणि किती दिवसांनी बदलायचं याचं काकांचं उत्तर सांगायचं राहिलं. रिफिल ओलं करून पिळायचं, मग ओट्यावर चमचाभर पाणी सांडायचं आणि वर ठेवून उचलायचं. पाणी सगळं ओढलं तर ठीक, थेंब मागे राहिले किंवा झिपऱ्या केसांसारख्या न राहता दोरीसारख्या वळल्या तर फेकायचं. रोज वापरलं तर त्यांच्या मते तीनएक महिने. कंडिशनरमध्ये धुतलेलं माझं जुनं रिफिल मी लगेच बघितलं, पाणी जागचं हललं नाही, तरंगत बसलं वर.

शहाबादीवरचं व्हिनेगर बंद केलंय, हे आजींना सांगा.

आजीचा_बटवा
वाचतेय मी. सुनेला फोन करून सांगितलं ते ठिपके आता घासू नकोस. ती हसतेय अजून.

निळीशाई
मावशींचं "हां" ऐकून बरं वाटलं. मीही आमच्या ताईंना विचारलं काल, त्या म्हणाल्या मॉप चालेल पण बादली लहान द्या, भरलेली मोठी उचलून जिना चढवत नाही. आमच्या दोन मजल्यांच्या घरात वरसुद्धा एक बादली ठेवायला हवी हे मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं.

मॅगीवाला
सगळं वाचून मोठ्या उत्साहाने रिफिल आणलं. गोल, १६ सेंमी, चार खाचा, सगळं मोजून. जुन्यावर पाय दिला, दांडा झुकवला, आणि दांडाच मधून मोडला 😭

चहाबाज
लॉक लावलं होतंत का आधी?

मॅगीवाला
कुठलं लॉक?